दगड काढला, पण लाकूड कुठलं?

साशंक : दादा, पनवेलच्या आसपास पडणाऱ्या टाकाऊ लाकडातले दगड, माती, खिळे आणि काँक्रीटचे टवके काढले की तळोज्याच्या बॉयलरांना चांगलं इंधन मिळतं, असं तुम्ही सांगत असता. मला ते पटत नाही. न्हावा-शेवा बंदरातून आलेल्या मालाची मोडकी पॅलेटं आणि खोकी, बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्या, जुन्या इमारती पाडल्यावर निघालेल्या चौकटी, प्लायवूडची कपाटं, पावसाळ्याआधी छाटलेल्या फांद्या, रस्त्यासाठी उपटलेले बुंधे असं सगळं एकाच ढिगात येऊन पडतं. त्यातला दगड तर सगळ्यात निरुपद्रवी. तो जळत नाही, त्याला धूर नाही, वास नाही. कळंबोली, खारघर, तळोजा इथले लोक रात्री येणाऱ्या उग्र वासाच्या तक्रारी वर्षानुवर्षं करत आहेत. तो वास काही दगडाचा नाही. जी वस्तू हवेत काहीच सोडत नाही ती वेचायला चाळण्या आणि पंखे उभारायचे, आणि जे जळून विषारी होतं त्याचा विषयच काढायचा नाही, मग या इंधनाला स्वच्छ कशाच्या आधारावर म्हणायचं?

समर्थक : विषाचा विषय मी टाळणार नाही, ताई. पण दगडाला निरुपद्रवी म्हणू नका. तो जळत नाही हे खरं, आणि त्याचा सगळा उपद्रव तिथूनच सुरू होतो. लाकूड बॉयलरकडे जाण्याआधी त्याचे तुकडे करावे लागतात. चिपरच्या फिरत्या पात्यांत मुठीएवढा काळा पाषाण गेला तर धार जाते, कधी पातंच तुटतं, आणि ठिणगी उडते. आजूबाजूला लाकडाचा कोरडा भुसा उडत असतो. तिथे एक ठिणगी पुरते. पुढे स्क्रू कन्व्हेयरमध्ये खडा अडकला की बॉयलरला लाकूड जाणं थांबतं. वाफेचा दाब उतरतो. अडकलेलं मोकळं केलं की साचलेलं लाकूड एकदम आत जाऊन पडतं, त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि चिमणीतून काळा धूर निघतो. म्हणजे दगडाला स्वतःचा धूर नसला तरी दगडामुळे धूर होतो.

मातीचं आणखी वेगळं आहे. शुद्ध सिलिका १,७०० अंशांच्या पुढे वितळते. पण लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, आणि त्याच्याशी गाठ पडली की हीच सिलिका ८०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. मग जाळीवर काचेसारखी ढेकळं जमतात. बॉयलरवरची माणसं त्याला क्लिंकर म्हणतात. ते पहारीनं फोडायचं तर भट्टीचं दार उघडावं लागतं, गार हवा आत शिरते, ज्वलन बिघडतं, आणि पहार धरलेला माणूस त्या उघड्या दारासमोर उभा असतो. फ्लुइडाइज्ड बेडचा, म्हणजे खालून हवा सोडून तापलेली वाळू उकळती ठेवणारा, बॉयलर असेल तर दगड खाली नोझलांवर जाऊन बसतात. तिथली हवा अडते, वाळूची उकळी थांबते आणि शेवटी बॉयलर बंद करून तळ उपसावा लागतो. राखेचाही हिशेब करा. स्वच्छ लाकडाची राख शेकडा एकाच्या आसपास. दिवसाला २० टन लाकूड जाळणाऱ्या बॉयलरची राख त्या हिशेबानं २०० किलो. त्याच लाकडात शेकडा १० माती असेल तर राख दोन टनांच्या वर जाते. ती उचलायची, वाहायची आणि कुठेतरी टाकायची.

साशंक : ठीक आहे, दगड काढायलाच हवा. पण तो काढता येतो हे कशावरून? आपल्या रायगडात भाताच्या गिरण्यांमधून खडे काढायचं यंत्र आहे. उतरत्या, थरथरत्या जाळीखालून हवा सोडतात. तांदूळ हलका म्हणून तरंगत खाली येतो आणि खडा जाळीला धरून वर चढतो. त्याआधी बायका सुपानं पाखडत होत्या, शेतात वाऱ्यावर उफणणी होत होती. हे सगळं जमतं, कारण तांदूळ सगळा एका मापाचा असतो आणि वाळलेला असतो. तुमच्या ढिगात बोटभर ढलपीपासून हातभर फळीपर्यंत सगळं आहे. त्यात आपल्याकडचा पाऊस! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. आषाढात ओली माती लाकडाला लोण्यासारखी चिकटते. कोणता पंखा ती उडवणार?

समर्थक : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आपल्याकडे यंत्रं फसतात ती इथेच. हवेच्या झोतात तुकडा उडणार की पडणार हे नुसत्या घनतेवर ठरत नाही, त्याच्या आकारावरही ठरतं. काळ्या पाषाणाची घनता लाकडाच्या साधारण चौपट असते. त्यामुळे लाकडाचा ४० मिलिमीटरचा तुकडा जो झोत उचलतो, तोच झोत जवळपास १० मिलिमीटरची खडीही उचलतो. दोन्ही एकाच पेटीत जाऊन पडतात, आणि यंत्र विकणारा म्हणतो की वारा कमी पडतोय. कमी पडलेली असते ती आधीची चाळणी. आधी फिरत्या जाळीच्या नळकांड्यातून, म्हणजे ट्रॉमेलमधून, माल जायला हवा. बारीक माती-रेती तिथेच गळते. उरलेला माल मापामापानं वेगळा करायचा, म्हणजे एका गटातला सगळ्यात मोठा तुकडा सगळ्यात लहानाच्या तिपटीहून मोठा नसावा. मग त्या गटाला वारा द्यायचा. तेव्हा दगड खाली आणि लाकूड पुढे, हे खरोखर घडतं. खिळ्यांसाठी पट्ट्यावर लोहचुंबक. ॲल्युमिनियम मात्र चुंबकाला दाद देत नाही. खिडक्यांच्या पट्ट्यांतून ते येतं, ६६० अंशांना वितळतं आणि जाळीची भोकं बुजवतं. त्याला एडी करंटचं वेगळं यंत्र लागतं, नाही तर माणसाचे हात.

पाण्याचा मार्गही आहे. टाकीत टाकलं की पाषाण बुडतो, लाकूड तरंगतं, मापाचा प्रश्नच उरत नाही. पण पनवेलसाठी मी तो सुचवणार नाही. लाकूड पाणी पितं. शेकडा १५ ओलाव्याच्या लाकडातून किलोमागे सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळतात. ओलावा ४० वर गेला की जेमतेम २,४०० उरतात, कारण किलोमध्ये लाकूड कमी आणि पाणी जास्त होतं, आणि ते पाणी उकळण्यातही उष्णता खर्ची पडते. शिवाय टाकीतलं ते गढूळ, लाकडाचा कस उतरलेलं पाणी सोडणार कुठे? कासाडी नदीचं प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे. त्या नदीवर आणखी एक भार नको.

साशंक : म्हणजे पावसाळ्यात वारा चालत नाही आणि पाणी चालवायचं नाही. उरलं काय?

समर्थक : उरला कोबा. मी गंभीरपणे सांगतोय. लाकडातला दगड झाडासोबत फारच थोडा येतो; उपटलेल्या बुंध्यांचा अपवाद सोडा, त्यांच्या मुळांत दगड आवळलेले असतात. बाकीचा बहुतेक दगड आपणच घालतो. वखारीची जमीन मुरुमाची असते. त्यावर लाकूड ओततात आणि जेसीबीच्या बकेटनं उचलतात. बकेट जमिनीला घासली की प्रत्येक खेपेला मुरूम सोबत येतो. तेच लाकूड काँक्रीटच्या कोब्यावर, पत्र्याखाली ठेवलं आणि बकेटऐवजी पंजानं उचललं, तर अर्ध्याहून जास्त काम चाळणी लावण्याआधीच होतं, असा माझा अंदाज आहे. पत्र्याखाली लाकूड वाळलं की मातीही सुकते आणि ट्रॉमेलमध्ये झडून जाते. परदेशी यंत्रांची माहितीपत्रकं चाळणाऱ्या कारखानदारांना मी आधी हेच विचारतो, की तुमच्या वखारीची जमीन कशाची आहे.

साशंक : मग लोक कोबा का घालत नाहीत? त्याचं उत्तर मला कळंबोलीच्या वजनकाट्यावर दिसतं. लाकूड किलोवर विकलं जातं. काट्याला लाकूड, पाणी आणि मुरूम यांतला फरक कळत नाही, तिन्हींना एकच भाव. लाकूड झाकून ठेवणाऱ्या वखारवाल्याच्या मालाचं वजन घटतं, म्हणजे त्याला स्वच्छ मालाचे पैसे कमी मिळतात. उघड्यावर भिजवणाऱ्याला जास्त. या हिशेबात कोणी कोबा का घालेल? आणि कारखान्याला मात्र दगडाचे पैसे दोनदा द्यावे लागतात, येताना लाकूड म्हणून आणि जाताना राख म्हणून. दादा, तुमची यंत्रं चांगली असतील, पण जो दगड भावामुळे ढिगात येतो तो यंत्रानं किती दिवस काढत बसणार? सकाळी काढला की संध्याकाळच्या ट्रकमध्ये पुन्हा हजर.

समर्थक : हे मला मान्य आहे, आणि म्हणून भाव उष्णतेवर ठरवावा असं मी म्हणतो. ते वाटतं तेवढं अवघड नाही. जैव इंधनाची राख मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणजे नमुना ५५० अंशांवर जाळायचा आणि उरेल ते तोलायचं. त्याला एक छोटी मफल भट्टी आणि एक तराजू लागतो. तळोज्यातल्या बऱ्याच रासायनिक कारखान्यांच्या प्रयोगशाळेत दोन्ही आधीपासून असतात. ओलावा मोजायला ओव्हन पुरतो. ज्याच्याकडे तेही नाही त्यानं ट्रकच्या वरून, मधून आणि तळातून नमुना घ्यावा आणि पाण्याच्या बादलीत ढवळावा. बुडाशी किती खडी-माती बसली हे डोळ्यांना दिसतं. लाकडी चिपच्या आंतरराष्ट्रीय मानकात सगळ्यात वरच्या प्रतीला राख शेकडा एकापर्यंत आणि खालच्या प्रतीला तीनपर्यंत चालते. आपल्या पावसात आणि आपल्या वखारीत तीनच्या आत राहायचं म्हटलं तरी मोठी गोष्ट होईल. पण खरेदीच्या करारात एक ओळ आली, की राख तीनच्या वर गेली तर दर टक्क्यामागे भाव इतका कमी, तर कोबा आपोआप पडेल. आज मी घसा कोरडा करून जे सांगतो ते उद्या वखारवाला स्वतःहून करेल.

साशंक : छोट्या वखारवाल्याचा विचार केलात? नमुना कारखान्यानं घ्यायचा, भट्टी कारखान्याची, आकडा कारखान्याचा. ट्रक दारात उभा असताना शेकडा पाच राख निघाली असं सांगितलं तर तो काय करणार, लाकूड परत घेऊन जाणार? तो आहे त्या भावाला देऊन मोकळा होईल. भाव उष्णतेवर ठरवायचा असेल तर मोजणारा दोघांच्या विश्वासाचा हवा.

समर्थक : हवाच. त्याच्या हातात नमुन्याची एक सीलबंद पिशवी राहिली पाहिजे, म्हणजे वाद झाला तर दुसरीकडे तपासता येईल. कोळशाच्या व्यवहारात हे चालतं. लाकडाच्या व्यवहारात अजून कोणी मागितलेलं नाही.

इथे दोघांना क्षणभर थांबवून मला एक नोंद करायची आहे. राखेवर भाव ही सूचना मला या साऱ्या चर्चेतली सगळ्यात कामाची वाटते, आणि तरी तीही दगडापुरतीच आहे. राखेच्या आकड्यात मुरूम सापडतो, कपाटाच्या कडेची पीव्हीसीची पट्टी सापडत नाही. पुढचं बोलणं त्यावर आहे, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच.

साशंक : आता मी सुरुवातीला विचारलं होतं तिकडे येऊ. तुमचं सगळं तंत्र वजनावर, मापावर आणि चुंबकावर चालतं. लाकडाहून वेगळं असेल ते ते पकडतं. पण जे लाकडासारखंच हलकं आहे किंवा लाकडातच मुरलेलं आहे त्याचं काय? आधी साधं उदाहरण घेते. नव्या टॉवरांच्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या असतात. त्या ब्लॉकची घनता पाण्याच्या सहा-दशांशाच्या आसपास, म्हणजे सागाच्या जवळपास. रामसेतूच्या गोष्टीतल्यासारखा तो दगड पाण्यावर तरंगतो आणि वाऱ्यावर लाकडासोबत उडतो. पण तो निदान पांढरा दिसतो, हाताला कळतो. पुढचं कळत नाही. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवायची पद्धत शोधली. लाकूड वाळवी आणि बुरशीपासून वर्षानुवर्षं टिकावं म्हणून. एका भारतीयाचा तो मोठा शोध, जगभर वापरला गेला. तारांचे खांब, कूलिंग टॉवरच्या फळ्या अशा लाकडाच्या असतात. नवेपणी त्यावर हिरवट झाक असते, उन्हापावसात ती करडी होते. कारखान्याचा जुना टॉवर मोडला, फळ्या भंगारात गेल्या, चिपरमधून निघाल्या. त्यातला आर्सेनिक तुमची कुठली चाळणी धरणार? जाळला तर थोडा धुरातून जातो, उरलेला राखेत राहतो. आणि राख आपल्याकडे कोणी टाकून देत नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला राख म्हणजे खत. त्याला कुठून कळणार की ही राख कुठल्या लाकडाची?

कपाटांचं तसंच. सनमायका, पीव्हीसीची एजबँड, रंग, युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक. पीव्हीसीतल्या क्लोरीनचं आम्ल होतं, ते तुमच्या बॉयलरच्या नळ्या खातं, आणि अर्धवट ज्वलनात डायॉक्सिन तयार होतात. तळोज्यात तर आणखी एक भर. रसायनांच्या पिंपांखाली वर्षानुवर्षं राहिलेली पॅलेटं. त्यांच्या फळ्या काय काय प्यायल्या आहेत हे बघून सांगता येत नाही. दादा, मला सगळ्यात भीती वाटते ती तुमच्या यंत्रातून निघणाऱ्या चिपची. धुळीशिवाय, खिळ्याशिवाय, एका मापाची. ढिगात असताना निदान दिसत होतं की ही फळी खांबाची, ही कपाटाची, ही आंब्याची फांदी. चिप झाली की लाकडाचं कूळ कळत नाही. जेवढी सफाई जास्त, तेवढं ते लपतं.

समर्थक : यावर मी हो म्हणतो, आणि माझ्याच कामाचा क्रम उलटा करायला तयार आहे. आपल्याकडे आधी तुकडे करतात आणि मग निवडतात, कारण तुकडे केले की ट्रकमध्ये जास्त माल मावतो. निवड आधी व्हायला हवी, फळी अख्खी असताना. आणि कारखान्यानं अनोळखी वखारीतून तयार चिप विकत घेऊच नये. जर्मनीत टाकाऊ लाकडाचा कायदा १ मार्च २००३ पासून लागू आहे. त्यात लाकडाचे चार वर्ग केले आहेत. पहिला, नुसतं रंधलेलं-कापलेलं. दुसरा, डिंक लावलेलं, रंगवलेलं, पण हॅलोजनचं लेपन किंवा टिकाऊपणाची औषधं नसलेलं. तिसरा, पीव्हीसीसारखं लेपन असलेलं. चौथा, रेल्वेच्या स्लीपरांसारखं औषध मुरवलेलं. कुठलं लाकूड कुठल्या वर्गात जातं हे त्याचा आधीचा उपयोग पाहून ठरवतात, आणि पुढचा रस्ता वर्गावर ठरतो. आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. तळोज्यातला एखादा कारखाना उद्यापासून ठरवू शकतो, की आमच्याकडे फक्त बंदराची पॅलेटं, सेंट्रिंगचं भरीव लाकूड आणि फांद्या.

त्यातही पॅलेटांवर शिक्का असतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बंदरातून जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया करावी लागते. 'एचटी' शिक्का म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास दिलेली. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी. एचटीचं लाकूड मी निःशंक घेईन, मात्र रसायनांच्या पिंपांखालून आलेलं नको. लेपनाचा संशय आला तर तांब्याची तार तापवायची, त्या लेपनाला टेकवायची आणि ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन. वॉचमनलासुद्धा दोन दिवसांत शिकवता येतं.

साशंक : आणि ही निवड करणार कोण? पहार, हातोडा आणि अंबूर घेऊन वखारीत बसलेली माणसं. बहुतेक बायका, बऱ्याचशा बाहेरून पोटासाठी आलेल्या, कुठल्याच रजिस्टरला नाव नसलेल्या. त्या खिळे उपसतात, चांगल्या फळ्या वेगळ्या काढतात. लाकडाचं कूळ ओळखण्यात त्यांच्या नजरेची बरोबरी तुमचं एकही यंत्र करणार नाही. पण त्यांना पैसे मिळतात ते खिळ्याच्या लोखंडाचे आणि विकाऊ फळीचे. विषारी फळी बाजूला काढल्याचा एक रुपयाही नाही. उलट ती बाजूला काढली की वजन कमी भरतं.

नियमाकडे पाहा. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्यांना तो चार गटांत वेगळा करायला सांगितलं. काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि चौथ्या गटात लोखंड, लाकूड, प्लास्टिक एकत्र! लाकूड आणि प्लास्टिक वेगळे करायला नियमानंच सांगितलं नाही, तर पाडकामाचा कंत्राटदार कशाला करेल?

आणि समजा, तुमच्या कारखान्यानं वाईट लाकूड नाकारलं. ते नाहीसं होत नाही. ते स्वस्त होतं. स्वस्त झालं की वीटभट्टीत जातं, हॉटेलच्या तंदूरमध्ये जातं, बेकरीत जातं. मोडीत निघालेल्या फर्निचरचं लाकूड मुंबईच्या बेकऱ्यांमध्ये जळतं हे अभ्यासातून पुढे आलं होतं, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तिथूनही ते लाकूड हटलं तर पुढे कुठे? मोकळ्या प्लॉटवर, थंडीच्या शेकोटीत, कोणाच्या तरी चुलीत. तुमच्या बॉयलरला निदान चिमणी आहे, धूळ पकडायची यंत्रणा आहे, प्रदूषण मंडळाची परवानगी आहे. चुलीला काही नाही. म्हणजे तुमचं इंधन स्वच्छ होईल तेवढा गरिबाच्या घरातला धूर जास्त विषारी होईल, असं तर होणार नाही?

समर्थक : या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जे आहे ते सांगतो. वाईट लाकडाला एक ठरलेली, बंदिस्त जागा हवी. सिमेंटच्या भट्टीत सिमेंटचा क्लिंकर (जाळीवरच्या ढेकळांचा तो नव्हे) १,४५० अंशांवर तयार होतो, राखही सिमेंटमध्ये मिसळून जाते. डिंकाचं आणि लेपनाचं बरंचसं लाकूड तिथे नियंत्रणाखाली जाळता येतं. पण आपल्या राज्यातले मोठे सिमेंटचे भट्टे चंद्रपूरकडे, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. हलकं, जागा खाणारं लाकूड तिथपर्यंत न्यायचं भाडं त्याच्या किमतीहून जास्त. औषध मुरवलेलं लाकूड तर घातक कचरा म्हणूनच हाताळायला हवं. त्याची सामायिक सोय तळोज्यातच आहे, अंतराचा प्रश्न नाही. प्रश्न पैशाचा आहे. जी फळी आज विकून चार पैसे मिळतात ती टाकायला उलटे पैसे द्यावे लागतील. वखारवाला देणार नाही, मजूर देऊ शकत नाही. मला वाटतं, तो खर्च जिथून लाकूड निघालं त्याच्यावर पडावा. टॉवर मोडणाऱ्या कारखान्यावर, इमारत पाडणाऱ्या बिल्डरवर.

साशंक : तो बिल्डर खर्च घराच्या किमतीत टाकेल.

समर्थक : टाकू दे. आज तो खर्च कोणाच्या तरी फुप्फुसात टाकला जातोय.

साशंक : आणि तोपर्यंत? कायदा व्हायला, सोय उभी राहायला, सवय लागायला वर्षं जातील. तेवढ्या काळात तुम्ही लाकूड जाळणं थांबवाल?

समर्थक : नाही थांबवणार. थांबवलं तर बॉयलर कोळशावर जाईल, आणि चांगली पॅलेटंही मोकळ्या प्लॉटवर जळतील. मी पहिल्या वर्गाचंच लाकूड घेईन, कोबा घालेन, राखेवर भाव देईन. निवडणाऱ्या बायकांना बाजूला काढलेल्या फळीमागेही मजुरी देईन, आणि त्या फळ्या कुलूपबंद ठेवीन.

साशंक : तुमची कुलपाची खोली किती दिवसांत भरेल?

समर्थक : लवकरच. ती भरल्यावर काय करायचं, हे मला माहीत नाही.

साशंक : मग दगड काढून आपण कुठे पोचलो?

समर्थक : दगडामागे काय लपलं होतं तिथपर्यंत. आधी माझा समज होता की दगड हाच अडथळा आहे.

साशंक : माझा समज होता की दगडाचा विषय म्हणजे दिशाभूल. तो तसा नव्हता. पण तुमच्या इंधनावर मी अजून सही करणार नाही.

दोघांना इथेच सोडतो, कारण त्यांचा वाद पनवेलमध्ये कोणीच मिटवलेला नाही. मागता येण्यासारख्या गोष्टी मात्र आजही आहेत, आणि त्या मागायला कोणाची परवानगी लागत नाही. लाकडाचं इंधन घेणाऱ्या कारखानदारांनो, तुमच्या गेटपावतीवर वजनाशेजारी दोन रकाने वाढवा : राख शेकडा किती, आणि लाकूड कशातून निघालं. पाडकामाला परवानगी देणाऱ्या पनवेल महापालिकेनं अर्जातच विचारावं, की लाकूड वेगळं काढणार का आणि ते कुठे जाणार. आणि सोसायटीचं जुनं कपाट, जुनी चौकट भंगारवाल्याला देणाऱ्या वाचकांनो, ती कुठे जाते हे त्याला एकदा विचारा.